पाण्याला दोष देणार नाही

गीझर गळायला लागला की माणूस आधी कंपनीला शिव्या घालतो. त्या शिव्या फिरून फिरून ज्या टेबलावर येऊन पडायच्या, त्या टेबलामागे मी बसायचे. अंधेरीच्या एमआयडीसीतली आमची कंपनी गीझर बनवायची, अजूनही बनवते. माझं खातं वॉरंटीचं. लग्नकार्यात कोणी विचारलं, काय करता, आणि मी सांगितलं, की समोरचा माणूस हमखास म्हणायचा, 'अच्छा, म्हणजे तक्रारी घेता.' मग त्याच्या बिघडलेल्या गीझरची कथा सुरू व्हायची आणि माझं ताट गार व्हायचं.

तक्रारी घ्यायला कॉल सेंटर होतं. माझं काम वेगळं होतं. आज कारखान्यातून बाहेर पडलेला गीझर पुढच्या काही वर्षांत कंपनीला किती खर्चात पाडणार, हे आजच सांगायचं. गीझरचे पैसे आज मिळतात, पण त्याच्यासोबत दिलेलं वचन पुढे कधीतरी पाळावं लागतं. तेव्हा मेकॅनिक पाठवायचा, सुटा भाग द्यायचा, कधी अख्खी टाकी बदलून द्यायची. त्यासाठी आजच्या नफ्यातून काही रक्कम बाजूला काढून ठेवतात, तिला तरतूद म्हणतात. ती किती हवी ते मी सांगायचे. घरात सगळे दिवाळीच्या खरेदीत रमलेले असताना 'छत गळतंय, आधी त्याचे पैसे ठेवा' म्हणणाऱ्या बाईच्या वाट्याला जेवढं प्रेम येतं, तेवढं माझ्या वाट्याला यायचं.

मी कुंदा इंगळे. वडील अकोल्याकडून येऊन मुलुंडच्या कारखान्यात लागले. मी मुलुंडमध्येच वाढले, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला आणि या कंपनीत चिकटले ती निवृत्त होईपर्यंत. आमच्या विहारात रविवारी कोणी ना कोणी बोलायला यायचं आणि बोलणं संपलं की पोरांनी प्रश्न विचारायचे असा दंडक होता. पटलं नाही तर उभं राहून विचारायची सवय तिथे लागली. कंपनीत तिचा मला काही फायदा झाला असं म्हणता येणार नाही. पण ती सुटली नाही हे खरं.

ही गोष्ट टाक्या गळायला लागल्या त्या वर्षाची आहे.

एका सकाळी सावंतांचा फोन आला. सावंत आमचे बोरिवलीचे मेकॅनिक, मूळचे कुडाळचे. घाबरले की मालवणीत जायचे. म्हणाले, "मॅडम, माका हंयसर कोंडून घातल्यानी." एका सोसायटीत ते गळका गीझर बघायला गेले होते. त्याच इमारतीत आमच्याच कंपनीचे आणखी काही गीझर गळत होते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर बातमी फिरली, मंडळी जमली आणि त्यांनी ठरवलं की सगळे गीझर बदलून मिळेपर्यंत हा माणूस इथेच बसेल. मी सेक्रेटरींशी बोलले. ते अगदी सभ्यपणे म्हणाले की आम्ही कोंडलेलं नाही, चहा दिलाय, फक्त दाराची चावी आमच्याकडे आहे. मी त्यांना माझ्या नावानिशी मेसेज पाठवला की सगळ्या टाक्या बदलून मिळतील. तेव्हा सावंत सुटले. इतक्या टाक्या एका मेसेजवर कबूल करायचा अधिकार मला नव्हता. तो मी तिथल्या तिथे घेतला.

पण गोष्ट एका इमारतीची नव्हती. मुलुंड, घाटकोपर, पार ठाण्यापर्यंत टाक्या गळत होत्या. पूर्वी गीझर यायचे ते थर्मोस्टॅटसाठी, नाहीतर जळालेल्या कॉइलसाठी. टाकी सहसा जायची नाही. मी हिशेब लावला तो गीझर कधी गळला यावर नाही, तर तो कधी बनला यावर. मग चित्र स्वच्छ झालं. एका ठरावीक महिन्यापर्यंत बनलेले गीझर ठणठणीत होते. त्यानंतर बनलेले वर्ष-दीड वर्षात टाकीपाशी मान टाकत होते. म्हणजे त्या महिन्यात कारखान्यात काहीतरी बदललं होतं.

हे घेऊन मी वांद्र्याला गेले. कंपनीचं मुख्य कार्यालय बीकेसीत होतं आणि तिथे नुकतेच भार्गव साहेब आले होते. खर्च कमी करण्यासाठीच त्यांना आणलं होतं आणि वॉरंटीचा खर्च वर्षभरात निम्म्यावर आणीन असं त्यांनी मालकांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी मला पडद्यावर एक आलेख दाखवला. तक्रारींचं प्रमाण उलट घसरत होतं. खोटं नव्हतं ते. त्या वर्षी विक्री जोरात होती आणि भार्गव साहेब तक्रारींना वापरात असलेल्या सगळ्या गीझरांनी भागत होते. मी म्हटलं, साहेब, शाळेत पहिलीला भरमसाट पोरं भरती केली की शाळेतल्या नापासांची टक्केवारी आपोआप खाली येते. कारण नव्या पोरांची परीक्षाच झालेली नसते. शाळा सुधारली असं त्यावरून म्हणता येत नाही. खोलीतले एक-दोघं हसले. भार्गव साहेब हसले नाहीत.

त्यांचा उपाय तयार होता. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात एक कलम होतं की पाणी फार क्षारयुक्त असेल तर हमी लागू नाही. मेकॅनिककडे पेनासारखं एक मीटर असतं, ते पाण्यात बुडवलं की क्षारांचा आकडा दिसतो. भार्गव साहेबांनी त्या आकड्याची मर्यादा खाली आणली आणि सर्व्हिस सेंटरांना सांगायचं ठरवलं की टाकी गळत असेल तर आधी पाणी तपासा. टँकरचं पाणी, बोअरिंगचं पाणी, विहिरीचं पाणी, सगळं त्या मर्यादेच्या वर जात होतं. उपनगरातल्या कितीतरी सोसायट्या त्या एका ओळीने वॉरंटीबाहेर गेल्या. मेकॅनिकने अहवालावर 'पाणी अयोग्य' लिहायचं आणि निघायचं. तसा निरोप खाली माझ्या सहीने जायचा होता.

मी तो पाठवला नाही. विचार करते म्हटलं आणि अंधेरीला परत आले. त्या आठवड्यात रेमीबाई आल्या.

रेमीबाई मरोळ गावठाणातल्या. ख्रिस्ती मराठी कुटुंब, दारात क्रूस आणि मागे विहीर. मासळीचा धंदा करून पोरं वाढवलेली बाई. माझा निरोप गेला नसला तरी नवा नियम कॉल सेंटरपर्यंत पोचला होता. तिथल्या मुलीने त्यांना फोनवरच विहिरीचं पाणी आहे का विचारलं आणि हो म्हटल्यावर वॉरंटी नाही असं सांगून टाकलं. बाईंनी गीझर भिंतीवरून उतरवून घेतला, रिक्षात घातला आणि आमच्या रिसेप्शनच्या टेबलावर आणून ठेवला. त्यातून गंजाचं पाणी रजिस्टरवर ठिबकत होतं. वॉचमन बाजूला उभा होता, त्याची हिंमत होत नव्हती. मला बोलावलं. मी पुढे होऊन नियम सांगायला तोंड उघडलं, तशी त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्या पाण्याव माझी तीन पोरां वाढली. पोरां नाय गंजली. तुमचा डबा कसा गंजला?"

 पुस्तकातलं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांच्या तोंडावर सांगावंसं वाटलं नाही. मी गीझर बदलून देण्याचा कागद तिथेच केला. बाईंनी तो वाचून घडी घालून पिशवीत ठेवला आणि जाता जाता मला सांगितलं की पुढच्या वेळी फोन तूच उचल.

त्याच दुपारी मी भार्गव साहेबांना कळवलं की पाण्याचा निरोप माझ्या सहीने जाणार नाही. त्यांनी फोन केला, बराच वेळ समजावलं. सगळ्या कंपन्या हेच करतात, हा काही गुन्हा नाही, कलम आधीपासून कार्डावर आहे, असं सगळं. मी म्हटलं, आपण गीझर बोरिवलीला विकतो, मुलुंडला विकतो, तिथलं पाणी कसं आहे ते आपल्याला विकताना माहीत होतं. घेताना विचारत नाही आणि गळल्यावर विचारतो. खर्च कमी करायचा तर टाक्या कमी गळायला हव्यात. तक्रारी कमी लिहून घेतल्याने टाकी गळायची थांबत नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा दुसरा प्रसंग आला. तरतुदीच्या अंदाजावर माझी सही लागायची. भार्गव साहेबांकडून तयार अंदाज आला. नव्या कलमामुळे बरेचसे क्लेम नाकारले जातील असं धरून रक्कम खाली आणली होती. मी माझा अंदाज पाठवला, तो बराच वरचा होता. मग मीटिंग झाली. भार्गव साहेब म्हणाले की तुम्ही फार भावनिक होताय. हे वाक्य मी त्या कंपनीत पुष्कळदा ऐकलं होतं आणि ते दर वेळी मी आकडे दाखवल्यावरच यायचं. मी म्हटलं, "साहेब, सही ही माझी आहे. ती तुमच्या आकड्याखाली बसणार नाही."

आठवड्याभरात माझी बदली झाली. वॉरंटी खातं वांद्र्याला हललं आणि मला पाठवलं परतीच्या गोडाऊनवर. बदलून दिलेले मेलेले गीझर तिथे भंगारात जायच्या आधी पडून असायचे. शिक्षाच होती ती, कोणी लपवलं नाही. फक्त ज्याने ही शिक्षा शोधली त्याला माझा पत्ता ठाऊक नव्हता. गोडाऊन मुलुंडला होतं, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी दुपारी घरी येऊन गरम जेवायला लागले. नवरा म्हणाला, आणखी एकदा नाही म्हण, खालच्या गल्लीत बदली करतील.

पण मी तिथे जेवायला गेले नव्हते. टाक्या का गळतात हे माझ्या मनातून गेलं नव्हतं आणि आता सगळ्या टाक्या माझ्यासमोर होत्या. सावंत सुट्टीच्या दिवशी ग्राइंडर घेऊन यायचे. आम्ही टाक्या उभ्या कापायला सुरुवात केली.

इथे थोडं समजून घ्यायला हवं. गीझरची टाकी लोखंडाची असते, आतून काचेचा लेप. पण लेपाला कुठे ना कुठे बारीक चीर असतेच. म्हणून टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक सळी सोडतात. पाणी लोखंडाला खायच्या आधी या सळीला खातं. टाकीऐवजी ती झिजते. सळी आहे तोवर टाकी आहे, सळी संपली की टाकीवर वेळ येते. आमच्या नव्या टाक्या कापल्या तर आत सळी जवळजवळ नव्हतीच, तार उरली होती. ती झिजून तार झाली की मुळातच बारीक होती, हे कळायला जुना गीझर हवा होता. तो मिळाला. बोरिवलीच्या त्याच इमारतीतून थर्मोस्टॅटसाठी परत आलेला, नव्यांपेक्षा कितीतरी जुना. पाणी तेच, टँकर तोच. कापला तर आतली सळी अजून बोटाएवढी जाड आणि टाकी आतून चकचकीत. दोन्ही अर्धुकं मी शेजारी शेजारी ठेवली. सावंत म्हणाले, "पाण्याक कित्याक बदनाम केल्यानी?"

सळी कोण विकत घेतं ते मला माहीत होतं. परेश.

परेश घाटकोपरचा, खरेदी खात्यात. आम्ही जवळपास एकाच वेळी कंपनीत लागलो. वर्षानुवर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. त्याच्या डब्यातलं छुंद्याचं भांडं माझ्याकडे आणि माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी त्याच्याकडे, हे ठरलेलं. मी त्याला गोडाऊनवर बोलावलं आणि दोन्ही टाक्या दाखवल्या. तो टाक्यांपाशी उकिडवा बसला. मग सांगायला लागला. नवा पुरवठादार मिळाला होता, सळी थोडी बारीक पण किंमत बरीच कमी. कागदावर चाचणी पास झाली होती. वरून मंजुरी होती. त्या वर्षी सर्वांत जास्त बचत केल्याबद्दल त्याला बक्षीस मिळालं होतं, वांद्र्याच्या स्टेजवर. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

मी म्हटलं, परेश, तुझ्यावर ढकलायला मी तुला बोलावलं नाही. तू पैसे वाचवलेस ते तुझ्या खात्यात दिसले आणि त्याचा भुर्दंड दोन वर्षांनी माझ्या खात्यात आला. मधलं अंतर एवढं मोठं की दोन्ही टोकं कोणी जोडूनच बघत नाही. मला फक्त ती जोडायची आहेत.

तो म्हणाला, "कुंदा, तू हे एकटीने सांगितलंस तर म्हणतील बदलीचा राग काढतेय. मी येतो."

मी नको म्हटलं. खरंच म्हटलं. त्याची बढती जवळ आली होती, मुलीचं लग्न ठरत होतं. तो ऐकला नाही.

मालकांना आम्ही गोडाऊनवरच बोलावलं. त्यांनी यावं यासाठी परेशनेच त्यांच्या मागे लकडा लावला. ते आले, सोबत भार्गव साहेब. मालक वयस्कर, कमी बोलणारे. स्वतः कधीकाळी लेथवर काम केलेले, त्यामुळे कापलेल्या टाकीत हात घालायला त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांनी दोन्ही सळ्यांवरून अंगठा फिरवला. भार्गव साहेबांनी पाण्याचा मुद्दा काढला. मी म्हटलं, पाण्यात क्षार नाहीत असं मी कधीच म्हटलं नाही, पण हे दोन्ही गीझर एकाच पाण्यावर होते. मग परेश पुढे झाला आणि सरळ म्हणाला, "सळी मी बदलली, शेठ. मंजुरी घेऊन बदलली, पण बदलली मी."

भार्गव साहेब लगेच त्याच्याकडे वळले आणि म्हणाले की म्हणजे चूक खरेदी खात्याची आहे. मला हे दिसतच होतं. मी मध्ये पडले. "बक्षीस सगळ्या कंपनीने दिलं," मी म्हटलं. "आता चूक एकट्या परेशची कशी?"

 मालकांनी टाकीच्या कडेवर एकदा बोट फिरवलं आणि ते गाडीत बसून निघून गेले. मला वाटलं, वाट लागली. पण पुढच्या दोन दिवसांत निरोप आले. जुनी जाड सळी परत सुरू. पाण्याचं नवं कलम मागे. त्या महिन्यांत बनलेल्या सगळ्या गीझरांच्या टाक्या, गळोत न गळोत, तपासून सळ्या बदलायच्या. आणि तरतूद माझ्या आकड्याने. खातं अंधेरीला परत आलं आणि मला माझ्या टेबलावर परत बोलावलं, म्हणजे गरम जेवण संपलं.

इथे गोष्ट संपवली तर गोड होईल. पण ती तशी संपली नाही.

तरतूद वाढवल्यामुळे त्या वर्षी नफा जवळजवळ उरला नाही. दिवाळीला बोनस मिळाला तो नावापुरता. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक झालं की हे इंगळे मॅडममुळे. कँटीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं व्हायला लागलं. असेंब्लीतल्या एका बाईने मला तोंडावर सांगितलं की तुमच्या खरेपणाचे फटाके आमच्या पोरांना वाजवता येत नाहीत. तिचं चूक नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं की गेल्या दोन दिवाळ्यांचा बोनस त्या बारीक सळ्यांतून आला होता, तो तेव्हा कोणी नको म्हटला नाही, मीही नाही.  पुढे कित्येक महिने ती माझ्याशी बोलली नाही.

परेशची बढती गेली. कोणी कागदावर ठपका ठेवला नाही, पण त्याच्यापेक्षा नव्या माणसाला वर बसवलं आणि परेशला त्याच्या हाताखाली दिलं. त्याने काही महिने सोसलं आणि राजीनामा दिला. आता तो भावाच्या दुकानात बसतो. मुलुंडच्या बाजारात कधी भेटला तर मुलीबद्दल बोलतो, नातवाचे फोटो दाखवतो. गोडाऊनचा विषय तो काढत नाही आणि मीही काढत नाही. त्याने एकट्याने भरलेली ही किंमत मला आजही सलते. भार्गव साहेबांचं काहीच बिघडलं नाही. ते दुसऱ्या कंपनीत मोठ्या पदावर गेले. तिथे फ्रिज बनवतात. त्यांच्या वॉरंटी कार्डावर आता व्होल्टेजचं कलम आहे म्हणतात.

मला विचारलं जातं की एवढं करून काय मिळालं. खातेप्रमुख मी झाले नाही, दोनदा डावलली गेले. पण मी तिथे असेपर्यंत माझ्या खात्यातून एकही क्लेम पाण्याच्या नावाने परत गेला नाही. आणि नवा सुटा भाग विकत घ्यायच्या आधी, तो वर्षानुवर्षं टिकेल का हे वॉरंटीवाल्यांना विचारायचं, असा नियम झाला. खरेदीवाले कुरकुरत विचारायला यायचे. मी त्यांना चहा पाजायचे आणि बहुतेक वेळा नाही म्हणायचे.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम कारखान्यातच ठेवला होता. मालकांचा मुलगा आता कारभार बघतो, त्याने छान भाषण केलं. म्हणाला की इंगळे मॅडम म्हणजे कंपनीत बसलेली ग्राहकांची मैत्रीण, त्या कायम ग्राहकांच्या बाजूने कंपनीशी भांडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल आणि श्रीफळ झालं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. आभार मानून बसायचं असं मी घरून ठरवून आले होते, नवऱ्यानेही बजावलं होतं. पण त्याचं ते ग्राहकांच्या बाजूचं वाक्य मला काही केल्या पटेना.

मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "साहेबांच्या बोलण्यात एक दुरुस्ती आहे. मी ग्राहकांच्या बाजूने कधीच नव्हते. पगार कंपनीचा होता, मी कंपनीच्याच बाजूने भांडले. समोर कंपनीतलेच लोक होते, त्याला माझा इलाज नव्हता."

मग मी बसले. टाळ्या वाजल्या, पण जरा उशिरा.